फाटकात न मावणारी फटफटी

धाकट्या,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे आणि आधी कंबर कशी आहे ते कळव. लेक फोनवर "मामा, कंबरेला जप" असं म्हणत होता, ते दाराआडून कानावर आलं. शेकत जा. हात चालतात ना? पहार उचलवते ना? सहज विचारते. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे माझ्याशी फार गोड बोलतात, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. (पत्र नातीकडून लिहून घेणार होते, पण ती सगळं आईला जाऊन सांगते. म्हणून हे माझं चौथीतलं अक्षर लावून लावून वाच.)

माझी चारचाकी फटफटी तू पाहिलीच आहेस. तिच्यावर बसून मी रोज फाटकातून बाहेर पडते आणि चढावरच्या खुराड्यापर्यंत जाते. मागे एकदा वरच्या वळणावर ती जरा कलली. लेकाने खालून पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं, की आईची दोन चाकं हवेत होती. दोन जमिनीवर होती, हे कुणी बोलत नाही.

तेव्हापासून कट शिजतो आहे. आधी सूनबाईंनी खिडकीशी एक गुबगुबीत खुर्ची आणून ठेवली. म्हणे इथून खुराडं दिसतं. दिसतं! कोंबड्या काय खिडकीतून राखायच्या? मग लेकाने स्वतः चहा करून आणला. ज्याला लग्नानंतरही साखरेचा डबा सापडत नव्हता, तो चहा आणतो म्हणजे मागे काहीतरी आहे. आणि कप खाली ठेवते न ठेवते तोच फिटर आवारात हजर.

फिटर म्हणजे तो, तोंडात कायम एक नट धरून बोलणारा. (एक दिवस गिळेल.) त्याने चारही चाकं काढली, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला लोखंडाची जाडजूड चकती बसवली आणि चाकं परत लावली. त्यामुळे चाकं दोन्हीकडे बाहेर सरकली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "आजी, पाय जुळवून उभ्या राहा, मी ढकलतो. मग पाय फाकवून उभ्या राहा, परत ढकलतो." म्हटलं, ढकलून तर बघ! तो नट गालात सरकवून दोन पावलं मागे सरला. गाडी रुंद झाली की वळणावर कलत नाही, असं त्याचं म्हणणं. पटण्यासारखं आहे, म्हणून तर मला जास्त संशय आला.

तो गेल्यावर मी काठी आडवी धरून फाटक मोजलं. काठी आणि वर एक वीत. मग गाडी मोजली. काठी आणि वर दीड वीत! आता बोल. गाडी आवारात रुंद केली आणि आवारातच कोंडली. लेकाला विचारलं तर म्हणतो, "करतो काहीतरी, आई, तोवर बस ना आरामात." बसायला खुर्ची तयारच आहे! दाणे टाकायला तो जातो, आणि परवा शेजारीण वर जाऊन माझी तांबडी कोंबडी हातात तोलून बघत होती. उद्या म्हणतील, आई आता जात नाहीत, कोंबड्या देऊन टाकू. मग मी त्या खिडकीत कुंडीसारखी. (रुंद चाकं मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे चिखल उडतो तो थेट दोरीवर. आवारात एकच फेरी मारली तर सूनबाईंच्या चादरी ठिपक्यांच्या झाल्या. तेवढा एक फायदा आहे.)

आता तुझ्याबद्दल. लेक न्हाणीघराचं दार लावून तुझ्याशी बोलत होता. कशाला? फाटकाचे खांब तूच बांधलेस. त्याचं माप तुझ्याशिवाय दिलं कुणी? तू त्यांना सामील असलास तर कंबर सोड, मान सांभाळ.

घरात सगळ्यांना आठवण सांग. पत्राचं कारण सांगू नकोस.

तुझी थोरली

ता. क. सामील नसलास तर रविवारी पहार घेऊन ये आणि एक खांब वीतभर मागे घे. लेकाला कळता कामा नये.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी वाटलं, गाडी तिरकी घातली तर जाईल. नाही जात. डावा खांब पडला. शेजारणीला द्यायची अंडी पुढे टोपलीत होती, एक फुटलं नाही. गाडी जागची कललीसुद्धा नाही. फिटर खरं बोलत होता, पण त्याला सांगू नकोस.

लेक धावत आला. मला वाटलं ओरडणार. तर म्हणतो, "अगं, फाटक रुंद करायला मामाला कधीचं सांगून ठेवलंय. तो म्हणतो कंबर धरलीय."

आणि धाकट्या, खांबाच्या आत काय निघालं? विटांचे तुकडे, माती, फुटकी बादली आणि एक चप्पल. चप्पल तुझी आहे, अंगठा झिजलेला मी ओळखला. सिमेंट शोधते आहे. तुझ्या कंबरेचं दुखणं मला आता नीट कळलं.

रविवारी ये. सूनबाईंची ती गुबगुबीत खुर्ची मी फाटकाशी आणून ठेवली आहे. तिच्यात बसून, तू प्रत्येक घमेल्यात किती सिमेंट घालतोस ते मी बघणार आहे. उजवा खांबही पाडायचा. दुसरी चप्पल त्यातच असेल.