शुक्रवारची माणसं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कॉलेजच्या कँटीनमध्ये एका पोरीने विचारलं, "ताई, तुम्ही सगळे सख्खे भाऊ-बहीण आहात का?" धवल इतका हसला की चहा नाकात गेला. मी पण हसले. काय करणार!

तिचा दोष नाही. आमच्यात कोणाला नुसतं नाव नसतंच. वैजनाथदादा, रेवतीवहिनी, धवलभाऊ, प्रतीक्षाताई, शैलजाताई. प्रभूची सेवा करायला आलात की पहिल्या दिवशी नाती तयार मिळतात, टपरीवरच्या चहासारखी. मग कॉलेजं फिरायची, पोरापोरींची रडगाणी ऐकायची, पेपर जवळ आले की त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची. शुक्रवारी संध्याकाळी सगळे वहिनींच्या घरी. गाणी, वचन, पोहे. पोह्यांच्या वेळी गर्दी वाढते, हे देवालाही माहीत आहे.

दोन वर्षं झाली बुलढाण्यात. निम्म्या हॉस्टेलची ताई झाले. बहीण कोणाची झाले, कोण जाणे.

५ ऑक्टोबर, रविवार

योगिनीचा साखरपुडा झाला!

मला कसं कळलं? चुलत बहिणीच्या स्टेटसवर. माझी सख्खी धाकटी बहीण, आणि मला चोवीस तासांत पुसला जाणारा फोटो. मोरपंखी साडी नेसलीय, आईच्या शेजारी उभी आहे. आमच्या भावाने, सागरने, मिशी ठेवलीय, अजिबात शोभत नाही. बाबा फोटोत नाहीत. ते अशा वेळी मंडपवाल्याशी भांडत असतात.

मेहकर इथून बसने दोन तास. आमचं गाव तिथून थोडं पुढे. तीन वर्षांत एकदाही त्या बसमध्ये चढले नाही.

अमरावतीला शिकायला गेले आणि तिथे येशूला मानायला लागले. घरी आल्यावर लपवलं नाही. बाबा वांग्याचे क्रेट टेम्पोत चढवत होते. काम न थांबवता म्हणाले, "जाय मंग तिकडंच. तेच तुह्ये भाऊ-बहीण आता." ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस कधीतरी थंड होतो. आई दारात उभी होती. तेव्हापासून फोनही नाही तिचा.

प्रतीक्षाला सांगितलं. एका खोलीत राहतो, फोटो बघताना तिने पकडलंच. म्हटलं, कोणाला बोलू नकोस. म्हणाली, "आपल्यात शपथ घेत नाहीत, पण नाही सांगणार." परतवाड्याची आहे. तिच्या आजोबांपासून सगळे चर्चमध्ये. तिला घर सुटणं म्हणजे काय ते कळत नाही, पण रडली मात्र माझ्याआधी.

८ ऑक्टोबर, बुधवार

वहिनींकडे जेवले. बाकीच्यांना भेंडी, मला वेगळं पिठलं. भेंडी मला लहानपणापासून आवडत नाही. हे त्यांना मी कधी सांगितलं, आठवत नाही. निघताना कुरडया बांधून दिल्या. "एका मावशीनं दिल्यात, तळून खा." तळल्या. आईसारख्या झाल्या होत्या, म्हणून दोनच खाल्ल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज पंधरा-वीस विद्यार्थी होते. शेवटी नेहमीप्रमाणे दादांनी विचारलं, "प्रार्थनेचे विषय?" कोणाचा बॅकलॉग, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन. मी नेहमी दुसऱ्यांचेच विषय सांगते, आजही सांगितले. डोळे मिटले. वहिनी प्रार्थना करायला लागल्या. त्यांचा आवाज मला आवडतो, शेजारणीशी बोलावं तशा देवाशी बोलतात. आणि बोलता बोलता म्हणाल्या, "प्रभू, येत्या पंचवीस नोव्हेंबरला योगिनीचं लग्न आहे. आमच्या शैलजाला बोलावणं नाही. तिचं मन तू सांभाळ."

सगळ्यांसमोर! वीस माणसं म्हणाली, "आमेन."

डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते. एका पोराने माझ्या बशीत जास्तीचे पोहे वाढले. पोहे!

आमच्या लोकांची ही एक खोड. बाहेर कोणाबद्दल बोललं तर ती चहाडी, आणि डोळे मिटून बोललं तर ती प्रार्थना.

११ ऑक्टोबर, शनिवार

प्रतीक्षाशी भांडले. म्हणाली, "मी नाही सांगितलं. खरंच नाही." मी म्हटलं, मग देवदूताने सांगितलं का? आणखीही बोलले. तुला काय कळणार, तुझी आई रोज दोनदा फोन करते. हे बोलायला नको होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

संध्याकाळी वहिनी खोलीवर आल्या. म्हणाल्या, "चूक माझी हाय शैलजा. प्रार्थनेत भान राहिलं नाही. तिला नको बोलू, तिचा काही संबंध नाही." बघा, पाठीशीही घालतात एकमेकींना. मी विचारलं, मग तुम्हाला कुठून कळलं? वहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "ते नाही सांगता यायचं." झालं! मी दार लावून घेतलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दादांना सांगितलं, मला नागपूरला पाठवा. तिकडे माणूस हवाच आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "दिवाळीची सुट्टी होऊ दे. एकतीसला शुक्रवार आहे. तेव्हा पक्कं सांग. सांगितलंस की मी पाठवतो."

एकदा तरी 'जाऊ नको' म्हणायचं होतं!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हॉस्टेल रिकामं. पोरं बॅगा घेऊन स्टँडवर. दादा-वहिनी जालन्याला गेले, धवल नांदुऱ्याला. प्रतीक्षाने बॅग भरली, "येते" म्हणाली, दाराकडे बघून. मी पुस्तकाकडे बघून "हं" म्हटलं. पुस्तक उलटं नव्हतं एवढंच.

नाताळ हाच सण मानणारी ही माणसं दिवाळीला सुट्टी म्हणून घरी जातात. सण नसला तरी घर आहे ना त्यांना.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कोणाशीच बोलले नाही. दूधवाल्याशी, "अर्धा."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. घरमालकीण जनकाबाई ताट घेऊन वर आल्या. चकल्या, अनारसे. "काऊन वं पोरी, घरी नाही जाऊन राह्यली?" म्हटलं, काम आहे. "दिवाळीत कोनतं काम?" मी ताट हातात घेतलं. मग म्हणाल्या, "मी गुरुवारी शेगावले जातो दर्शनाले. तुह्यासाठी मागतो काहीतरी. तू तुह्या देवाले सांग, मी माह्या देवाले सांगतो. कोनाचातरी लागन नंबर." हसले. त्या गेल्यावर रडले.

आमच्या घरी आज आई ओसरीवर पणत्या लावत असेल. एक पणती नेहमी वाऱ्याने विझते, आणि सागर नेहमी माझ्यावर ढकलतो. यंदा कोणावर ढकलली असेल?

प्रार्थना करायला बसले. शब्दच नाहीत. देव जवळ आहे हे मला पटतं. पण देव चकली खाऊन "मीठ कमी आहे" म्हणत नाही. मला कोणीतरी मीठ कमी आहे म्हणणारं हवंय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. अंथरुणातच होते. दार वाजलं. धवल! हातात शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा, तेलाने पारदर्शक झालेला. नांदुऱ्याहून उलट्या दिशेला शेगावला जाऊन मग इकडे आला होता, वेडा.

प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसला. "आता काय करतेत?" त्याच्या घरी भाऊबीज कधी झालीच नाही, रेल्वे क्वार्टरमधलं जुनं ख्रिस्ती घर. मी म्हटलं, ओवाळतात, पण आपण नाही ओवाळत. "मंग मी नुसता बसतो." बसला. दोघांनी कचोरी खाल्ली. मला इतकं बरं वाटलं, इतकं! आणि मग गाढव म्हणाला, "वहिनीनं फोन करून सांगतलं, जाऊन ये म्हून."

म्हणजे पाठवलेला भाऊ! माझा चेहराच उतरला. त्यालाही दिसलं. जाताना चप्पल घालत म्हणाला, "सांगतलं वहिनीनं. पन दोन बसा बदलून आलो तो मीच ना, ताई?"

चार कचोऱ्या उरल्या होत्या. रात्री एकटीने खाल्ल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वहिनी 'पंचवीस नोव्हेंबर' म्हणाल्या. स्टेटसवर तारीख नव्हती. मलाच माहीत नव्हती, तर मी प्रतीक्षाला काय सांगणार? तिने कुठून तरी शोधली असेल. शोधायला बरी आहे ती.

तिचा मेसेज आला. "ताई, आईने लाडू दिलेत. तुझे वेगळे बांधलेत, बिनवेलचीचे." वेलची मला चालत नाही, हे लक्षात आहे तिच्या. उत्तर तीनदा लिहून खोडलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं. उद्या सांगणार, नागपूर. तिथे कोणी ओळखत नाही, तर निदान ताई म्हणणाऱ्यांकडून काही अपेक्षा राहणार नाही. बाबा चुकले. 'तेच तुह्ये भाऊ-बहीण' म्हणाले होते. इथेही नाही, तिथेही नाही, मी मधल्या स्टँडवर उभी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

लोक यायच्या आधी सांगून टाकावं म्हणून वहिनींकडे लवकर गेले. त्या कणीक मळत होत्या. ओट्यावर त्यांचा फोन वाजला. 'मावशी' असं नाव. "उचल गं," म्हणाल्या, आणि लगेच, "नको, थांब, मी घेते—" तोवर मी उचलला होता.

"रेवती, मागच्या शुक्रवारी लागलाच नाही वं तुहा फोन. तुले लग्नाची तारीख सांगतली तवापासून मले झोप नाही. शैलू जेवते ना बरोबर? का अजूनबी भेंडी पाहून तोंड वाकडं करते?"

वहिनी कणकेच्या हातांनी तशाच उभ्या. हळूच म्हणाल्या, "त्यांनी शब्द घेतला होता गं माझ्याकडून."

मी म्हटलं, "करते, आई."

प्रतीक्षाची गाडी सातला येते. बॅग उचलायला मी जाणार आहे. नागपूरचं सांगायचं राहिलं.