आधी भजन, मग बोलणं

बाबा, गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक माणूस आला होता, संगीताचा मनावर काय परिणाम होतो ते शिकवायला. कामाच्या वेळी कुठलं गाणं, झोपेआधी कुठलं, रुसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर कुठलं, सगळं त्याच्याकडे तयार होतं. बाकीचे उतरवून घेत होते आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते, की हा शेवटी आपल्या गळ्यात काय मारणार. माझा स्वभावच तसा झालाय. दातांच्या डॉक्टरकडे बासरी लागली की मी खुर्चीचे हात घट्ट धरते. बर्डीच्या बाजारातल्या साडीच्या दुकानात संथ सूर लावले असले, तर पदरसुद्धा न उलगडता बाहेर पडते. माझी मुलगी म्हणते, आई, नुसतं गाणं आहे ते. गाणं नुसतं असतं यावर माझा विश्वास नाही, आणि तो तुमच्यामुळेच उडाला.

कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. रविवार आहे, आई गोळाभाताचे गोळे वळतेय, आणि तुम्ही नवा टेपरेकॉर्डर घेऊन आत येता. पुण्याच्या कॉलेजात माझा नंबर लागल्याचं पत्र येऊन आठवडा झालाय. हा तुझ्यासाठी, म्हणालात. बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते म्हणून खिडकी लावून घेतलीत, कोरी कॅसेट घालून मला रेकॉर्डिंगची बटणं दाबायला बसवलंत आणि भजनी मंडळातलं तुमचं ते संथ भजन गायलात. मी इतकी खूश होते की आवाज येऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. भजन संपलं, मी बटण बंद केलं, आणि तुम्ही म्हणालात, "पुण्याचं राहू दे बाई. नागपुरातच शिक." मी लगेच हो म्हणाले. भांडायचं सुचलं चार वर्षांनी, तेव्हा तुम्ही नव्हता. तुम्ही हे ठरवून केलंत, की तुम्हालाच सांगायचा धीर होत नव्हता म्हणून आधी गायलात, हे मला आजही कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, ठरवूनच केलंत.

तर तो ऑफिसातला माणूस सांगत होता, की वय झालेल्या माणसाला त्याच्या जुन्या दिवसांतलं काही ऐकवा, दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबा, मग आपलं म्हणणं मांडा, नकार येत नाही. मला मनात हसू आलं. आमच्या घरी हे कोणी न शिकवता चालायचं. पण तेवढं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

कारण आई. तुम्ही शेवटी बांधलेल्या त्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. यंदा मोरीत दोनदा पडली. माझ्याकडे चल म्हणून मी किती विनवण्या केल्या, पण माह्या घरातून मी हलत नाही, हे तिचं पालुपद. मागच्या रविवारी मी ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेऊन गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी भजन लावलं. तुमचं खाकरणं आलं, मग आवाज, आणि खिडकी लावूनही मागे एक ट्रक. तिचे हात थांबले. दुसरं कडवं सुरू झालं, मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली,

"काय मागून राहिली वं माह्याकडून? तुहे बाबाही आधी गायचे, मंग सांगायचे."

शरमेनं मी ताटातली एक शेंग उचलून सोलू लागले. शेवटी विचारलं, "तुले मालूम होतं?"

"मालूम नसायले काय झालं? आवाज गोड होता त्यायचा, म्हणून ऐकून घेत होती." मग शेंगांचं ताट बाजूला सारून म्हणाली, "बंद कर ते. ने मले कुठं न्यायचं तिथं."

आता ती माझ्याकडे, पलीकडच्या खोलीत आहे. जेवते, नातीशी बोलते, घराचं नाव काढत नाही. तिच्या या हो म्हणण्यावर माझा भरवसा नाही, कारण असंच एक हो मीही म्हणाले होते.

हे पत्र त्या कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवते आहे. एक तुम्हाला सांगायचं राहिलं. इतक्या वर्षांनी तुमचा आवाज घरात आला, आणि मी तो ऐकला नाही. दुसरं कडवं कधी येतं, तेवढंच पाहत होते.