रागाने लिहिलेलं शून्य

प्रिय दादा,

सहा महिन्यांत तुला माझ्याकडून फक्त दोन-दोन ओळींचे निरोप मिळाले. आज एवढं जाड पाकीट बघून तुला आधी लेकीचीच काळजी वाटली असेल, म्हणून आधी तेच सांगते. तुझी लेक बरी आहे. वेळेवर जेवते, कॉलेजला जाते, माझ्या स्वयंपाकाला मनसोक्त नावं ठेवते. फक्त संध्याकाळी सहाला तुझा फोन वाजला की ती तो पालथा ठेवते आणि गच्चीत जाऊन उभी राहते. वाजायचा थांबला की परत येते आणि जणू काही झालंच नाही अशी अभ्यासाला बसते. मी तिला कधी काही बोलले नाही. का बोलले नाही, तेच आज लिहायचं आहे.

मी नियोजन खात्यात नेमकं काय करते, हे तू कधी नीट विचारलं नाहीस. तू सगळ्यांना सांगायचास, आमची धाकटी आकडे कुटते. खरंच आहे ते. आमच्याकडे पूर्वी सगळं आवाजावर चालायचं. ज्या भागाचा नगरसेवक सभेत टेबल बडवील त्याला रस्ता, त्याला दिवे, त्याला दवाखाना. ज्याचा नगरसेवक गरीब गाय, त्या भागाला काहीच नाही. मला त्याची मनापासून चीड होती. आरडाओरडा बाजूला ठेवून, लोकांना एखादी गोष्ट खरोखर किती हवी आहे हे मोजावं आणि सभेने त्यावर निर्णय घ्यावा, हे मला पटलं होतं. अजूनही पटतं. लबाडी करायला मी या कामात आले नव्हते.

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या, म्हणजे तुमच्या, रुग्णवाहिका केंद्राचा विषय आला. चालू ठेवायचं की बंद करायचं? घरोघरी कागद वाटले गेले. त्यावर एकच मोठा प्रश्न होता: हे केंद्र चालू राहावं म्हणून तुम्ही महिन्याला जास्तीत जास्त किती द्याल? कोणी काही भरायचं नव्हतं, फक्त ओढ मोजायची होती. तो प्रश्न मी लिहिला होता, दादा. लोकांच्या उत्तरावर परिणाम होऊ नये म्हणून घरच्यांशी बोलायचं नाही असा नियम होता. तो मात्र मी कसोशीने पाळला.

कागद परत आले तेव्हा त्यात तीनशेच्या वर शून्यं होती. त्यातला तुझा कागद मी बघताक्षणी ओळखला. दुकानाच्या पाट्या रंगवणारा माणूस रागातसुद्धा अक्षर वाकडं काढत नाही. शून्य कसं गोल गरगरीत! आणि खाली लिहिलेलं: ‘आम्ही कर भरतो तो कशाचा? हा प्रश्न काढणाऱ्याने आधी स्वतःच्या आईची किंमत लिहून द्यावी.’ मला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी तो कागद दाखवला. आई तर आपली एकच. हसून झाल्यावर मी तुझ्या नावापुढे शून्य भरलं आणि पुढचा कागद घेतला.

तिथेच मी माती खाल्ली. शून्य दोन तऱ्हांचं असतं. एक, ज्याला ती गोष्ट खरंच नको आहे त्याचं. दुसरं, ज्याला ती इतकी हवी आहे की प्रश्नाचाच राग येतो, त्याचं. रागाची शून्यं वेगळी काढायची, सरासरीत धरायची नाहीत, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तीनशेतल्या अडीचशेंवर तुझ्यासारखंच काही ना काही खरडलेलं होतं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी सभा आहे, शून्य म्हणजे शून्य, जास्त चिकित्सा नको. मी मान डोलावली. भांडले असते तर आठवडाभर गेला असता आणि बढतीची यादी त्याच महिन्यात लागायची होती. सभेने माझा तक्ता बघितला आणि दहा मिनिटांत केंद्र बंद केलं. टेबल कोणीच बडवलं नाही.

चार महिन्यांनी भर दुपारी वहिनी कपडे वाळत घालता घालता कोसळली. पुलापलीकडून गाडी यायला एक्केचाळीस मिनिटं लागली, तोवर ती गेली होती. तिला घरातून नेल्यावर तू भिंतीला टेकून सगळ्यांसमोर म्हणालास, मीच शून्य लिहिलं होतं. तुझ्या लेकीने ते ऐकलं. मी तुझ्या शेजारी उभी होते, दादा, आणि मी गप्प बसले. आठवड्याने ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. बाबांनी आईला मारलं, असं तिने मला याच स्वयंपाकघरात सांगितलं आणि मी तिला पोटाशी धरलं.

नंतर एका रविवारी मी ऑफिसात एकटीने जाऊन ती अडीचशे शून्यं बाजूला काढली आणि हिशोब पुन्हा मांडला. केंद्र चालू राहायला हवं होतं. काठावर नाही, चांगलं दणदणीत. तू लिहिलंस ते बरोबर होतं आणि मी ते चुकीचं वाचलं, जाणूनबुजून. तुझ्या हातून काहीही घडलेलं नाही. दोन्ही तक्ते आज सभेच्या अध्यक्षांना सहीनिशी दिले. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

वरचं सगळं काल लिहिलं. कारण परवा पोरीने कॉलेजचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. पालकाच्या जागी तुझं नाव खोडून तिने माझं लिहिलं होतं आणि लाडात येऊन म्हणाली, आत्या, सही कर ना. माझ्याने पेन उचलवेना. अर्जाऐवजी आज सकाळी तिला हे पत्र वाचायला दिलं. तिने ते दोनदा वाचलं. रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. आत जाऊन बॅग भरली. आता दारात बूट घालून उभी आहे आणि मी बस म्हटलं तरी बसत नाही. पत्र पोस्टाने नको, मी नेते, एवढंच बोलली. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती बॅग घेऊन तुझ्यासमोर उभी असेल. पुरे झालं वाचणं. आधी तिला जवळ घे.

अजून तरी तुझीच,
धाकटी