सिग्नलवरचा वन्स मोअर

सातारा, १२ जानेवारी २०२५

चि. भरतेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक, गुडघे सोडून.

फोन न करता पत्र लिहिते, याचं नवल करू नकोस. फोन केला की इकडे सूनबाई तो स्पीकरवर टाकते आणि तिकडे तुझ्या शेजारी अण्णा बसलेले असतात. मग हवापाण्यापलीकडे काही बोलताच येत नाही.

समोरच्या शालूबाईंनी परवा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. सांगलीच्या कुठल्याशा सिग्नलवर लाल दिवा लागतो, दाढी-मुकुटातला राजा झेब्रा क्रॉसिंगवर येऊन गातो, हेल्मेट घातलेला राक्षस त्याच्या मुलीला स्कूटरवरून पळवतो, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत आख्खं संगीत नाटक संपतं. शालूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग म्हणाल्या, आवं, ह्यो राजा तुमच्या थोरल्या भावासारखा दिसतोय की. मी म्हटलं, दिसत असेल.

लोक हसले त्याचं मला काही नाही. पण अण्णा गाताना मधेच थांबून श्वास घेतात, ते एवढ्याशा मोबाईलवरही दिसलं. त्यांची छाती तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी धूळ-धूर टाळा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही त्यांना नेऊन उभं केलंत ते ट्रॅक्टरच्या धुराड्यापुढे. पतपेढीतून निवृत्त झालेल्या माणसानं बागेत फिरावं. तू धाकटा असलास तरी नाटक तू लिहितोस, तेव्हा थांबवायचंही तूच.

माझ्यावर माया असेल तर ती या कामात दिसू दे.

तुझी
चंदनबालाअक्का


सांगली, १७ जानेवारी

ती. सौ. अक्कास भरतेशचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. अण्णांच्या नजरेस पडलं नाही.

आम्ही काही हौसेनं रस्त्यावर आलो नाही. नाट्यगृहाची दुरुस्ती चालू आहे, म्हणजे त्याला कुलूप आहे. कुलूप नव्हतं तेव्हाही खुर्च्यांवर आपलेच पाहुणे असायचे आणि त्यांना शेवटची बस गाठायची असायची. सिग्नलवरचा प्रेक्षक निदान दिवा बदलेपर्यंत उठून जात नाही.

पहिल्या दिवशी ‘संगीत कुंतलहरण’ आम्ही अगदी गंभीरपणे केलं. लोक हसले. म्हणून मी ते विनोदी करून लिहिलं. लोक तेवढेच हसले. दुचाकीवरच्या पोरींच्या तोंडाला स्कार्फ, त्यामुळे हसतात की जांभया देतात कळत नाही. मोटारवाले काचा वर करून आतून शूटिंग करतात, म्हणजे चित्र मिळतं आणि गाणं टळतं. एसटीतले लोक खिडकीला टेकून बाल्कनीतल्यासारखे बघतात. त्यातल्या एकानं विचारलं, कुठल्या पक्षाचा परचार हाय ह्यो? एका म्हातारीनं अण्णांच्या हातात दहाची नोट ठेवली आणि लेक सापडंल, काळजी करू नगा म्हणून गेली. काल एक बाई कडेवरच्या रडक्या पोराला सांगत होती, गप रं, बघ, राजा बी रडतोय.

अण्णांना बंद करा म्हणून मी सांगून थकलो. त्यांचं एकच. जन्मभर हौशी रंगभूमीवर गायलो, कुणी एकदाही वन्स मोअर दिला नाही. पद संपलं की टाळ्या, आणि पुढचा प्रवेश. एक वन्स मोअर मिळू दे, तेच पद पुन्हा गातो, मुकुट तुझ्या हातात देतो आणि घरी बसतो. आता तूच सांग, लाल दिव्यावर वन्स मोअर कोण देणार? तिथं सगळे कधी संपतंय याचीच वाट बघत असतात.

मी दमलोय अक्का. दिवसभर दुकान, संध्याकाळी राक्षस. हेल्मेटात घाम फार येतो.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी जेवढी माया आहे तेवढी राहू दे.

तुझा
भरतेश


सातारा, २१ जानेवारी

चि. भरतेश यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ह्यांना विचारलं, वन्स मोअर द्यायला काय लागतं हो? ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, घसा. मग अडलंय कुठं?

आपल्या मळ्यावरचा धुळा ऊस घेऊन कारखान्याला जातो तो त्याच सिग्नलवरून ना? त्याची हाक या बांधावरून पार ओढ्यापलीकडे जाते. त्याला सांग, अण्णांचं पद संपलं की ट्रॅक्टरवरून वन्स मोअर म्हणून ओरड. अण्णा पुन्हा गातील, मुकुट देतील आणि घरी बसतील. ही फसवणूक आहे, मला कळतं. क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांची क्षमा मागेन. तू रोज राक्षस होतोसच, एकदा हेल्मेटशिवाय हो.

मात्र हे माझ्याकडून निघालं, हे अण्णांच्या कानावर जाता कामा नये.

लोभ आहे, पण पत्र फाडून टाक.

अक्का


सांगली, २ फेब्रुवारी

चि. सौ. चंदनबाला हिस अण्णाचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

मला पत्र लिहायचा कंटाळा, हे तू जाणतेसच. पण मला वन्स मोअर मिळाला. ही बातमी भरतेशनं कळवली असती तर त्यानं तिच्यात विनोद घातला असता.

गुरुवारी पद संपलं आणि उसाच्या ट्रॅक्टरवरून हाक आली. मला आधी वाटलं, बाजूला व्हा म्हणताहेत. पुन्हा आली. वन्स मोअर. मी पुढे झालो, हात कानाशी नेला. दिवा हिरवा झाला होता, मागे हॉर्न वाजत होते, त्याचं काही वाटलं नाही. पण श्वास वर येईना. तोंड उघडं आणि आवाज नाही. लोकांना वाटलं, हीच गंमत. एवढं हसू आमच्या नाटकाला कधी आलं नव्हतं. एसटीतून टाळ्या आल्या. भरतेश हेल्मेटातून नुसता बघत उभा. राक्षसाला कळेना, आता कुणाला उचलायचं.

उचललं धुळानं. उसाच्या ट्रॉल्या भर रस्त्यात सोडून खाली उतरला, मला धरून फुटपाथवर बसवलं, मुकुट काढला, पाणी पाजलं. पोलीस त्याला बोलत होता, ते त्यानं ऐकून घेतलं. जरा सावरल्यावर मी विचारलं, गड्या, पद खरंच आवडलं व्हय? त्यानं ट्रॅक्टरकडे बघितलं. मग म्हणाला, आवं अण्णा, मला गाण्यातलं काय कळतंय. साताऱ्याच्या अक्कांचा निरोप हुता. मी वरडाय नको हुतं.

मी चिडलो. एक दिवसभर चिडलो. पण चिडायलाही श्वास लागतो, म्हणून सोडून दिलं.

मुकुट भरतेशला दिलाय. आता तो राजा होऊन गातो, पण लोक हसत नाहीत. काल मला विचारत होता, अण्णा, काय चुकतंय? मी म्हटलं, तू हसवायला जातोस. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

आता तुझं. वन्स मोअर ज्यानं मागितला त्याला पद पुन्हा ऐकवावं लागतं. आमच्यात हे चुकवून चालत नाही. धुळानं तो मागितलाच नव्हता. तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं तुझ्याकडे येतो. सूर्य मावळायच्या आत जेवून घेऊ, मग गाईन. मधे मधे थांबावं लागेल, तेवढं बसून राहा. शेजारणींना बोलवायचं असेल तर बोलव. हसल्या तरी चालेल.

बाकी लोभ समक्ष.

मदनअण्णा