तेविसावी मुलगी

प्रिय हर्षाली,

परीक्षेच्या फॉर्मसोबत हे पत्र निघालेलं बघून दचकू नकोस. कस्तुरा मॅडमनीच ते पाकिटात घातलंय. वॉर्डन असून असली कामं करावी लागतात म्हणून आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "पोरीचा फोन काढून घेतलाय, पोस्टमन तर न्हाय ना काढून घेतला." फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस आहे. जिथं जिथं सही करायची तिथं मी पेन्सिलनं फुली मारलीय.

इकडं कळंबात ऊन तापायला लागलंय. मेसमध्ये पुन्हा तेच पिठलं, आणि पिठलं म्हटलं की सगळ्या तुझी नक्कल करून नाक मुरडतात. तुझी प्रॅक्टिकलची वही मोनिकानं पूर्ण करत आणलीय. व्हय, आपली मोनिकाच. आकृत्या तुझ्यासारख्या सुबक नाहीत, पण रोज जेवण झालं की तासभर बसते. तुझ्या कॉटवर कुणी बसत नाही. बस म्हटलं तरी बसत नाहीत.

तू गेल्यापासून मला पहिले दिवस सारखे आठवतात. नव्या मुलीला घ्यायचं की नाही हे राहणाऱ्या मुलींनीच ठरवायचं, हा आपल्या वसतिगृहाचा जुना नियम. कॉलेजनं मला बी.ए.ला प्रवेश दिला होता, ओळखपत्रावर नाव दैवशाला होतं, पण तुम्हा बावीस जणींतल्या निम्म्याहून जास्त जणींनी हो म्हटल्याशिवाय मला दार उघडणार नव्हतं. पहिल्या बैठकीत मला आत बोलावलंच नाही. मी बाहेर चपलांपाशी बसले होते. बावीस जोड चपला. वाटलं, यातल्या कुठल्या चपलेची बाई मला हो म्हणत असेल? फक्त सहा जणी हो म्हणाल्या, हे मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं. तेव्हा तू माझ्या मागनं फाटकापर्यंत आलीस आणि विचारलंस, "राहतीस कुठं?" मी सांगितलं, गिरणीच्या मागं एक खोली आहे. तिथं दाराला आतून कडी नव्हती, हे मात्र सांगितलं नाही. ते तुला पंधरा दिवसांनी कळलं, मालकानं माझी ट्रंक रस्त्यावर ठेवली तेव्हा.

दुसरी बैठक तू मागितलीस. तू एवढंच म्हणालीस, की जिच्याबद्दल बोलायचं तिला समोर बसवून बोला. किती प्रश्न आले! न्हाणीघराचं काय, कपडे कुठं बदलणार, दाढी येते का, गावाकडं कुणी आहे का. मी जमेल तशी उत्तरं देत गेले. सांगितलं, की मी सास्तूरची, जन्मले मुलगा म्हणून, वडील रामलिंग मेंढरं राखतात, लहानपणी मला बांगड्या भरू देणारी एकटी आत्याच होती आणि तिचंच नाव मी घेतलंय. मग मोनिका उठली. तिनं विचारलं, "उद्या हे आमच्या घरी कळलं आणि आमचं शिक्षण बंद केलं, तर तू काय करशील?"

मी म्हणाले, "मला न्हाय माहीत." तेरा विरुद्ध नऊ अशी मी आत आले, तेविसावी. पण त्या नऊ जणींवर मला कधी राग धरता आला नाही. मोनिकाच्या मोठ्या बहिणीला दहावीतून काढून घरी बसवलं होतं, हे मला नंतर कळलं. मोनिका माझ्याबद्दल वाईट बोलत नव्हती, स्वतःच्या पुस्तकांबद्दल बोलत होती.

तुला आठवतं, सुरुवातीला मी उजाडायच्या आधीच अंघोळ उरकायचे. कुणाला माझी अडचण नको म्हणून. एक दिवस तू तुझी बादली घेऊन पायरीवर येऊन बसलीस आणि चिडून म्हणालीस, "झोपत जा की बाई, पाणी सहालाबी येतं." दुसऱ्या दिवशी मी सहाला रांगेत उभी राहिले. माझ्या पुढं दोघी, मागं तिघी. मागचीनं फक्त साबण मागितला. हर्षाली, त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले, ते तुला आज सांगते. साबण मागितला म्हणून कुणी रडतं का?

आणि मग स्नेहसंमेलन झालं, कुणीतरी आपला सगळ्यांचा फोटो स्टेटसला ठेवला, आणि तो फिरत फिरत तेरखेड्याला पोचला. मोनिका म्हणाली होती तसंच झालं, फक्त तिच्या घरी नाही, तुझ्या. तुझ्या बाबांना फटाक्याच्या कारखान्यात चार माणसांसमोर कुणीतरी विचारलं, की हिंमतराव, पोरगी कुणासोबत ठेवलीय? दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मॅडमना एवढंच म्हणाले, "मी कुणाला नावं ठेवायला आलो न्हाय. माझी लेक न्यायला आलोय." तू बॅग भरत होतीस आणि सगळ्या जणी दारात उभ्या होत्या.

त्यानंतर चार दिवस मी कॉलेजला गेले नाही. मग मॅडमच्या टेबलावर अर्ज ठेवला, की मी वसतिगृह सोडते, हे हर्षालीच्या घरी कळवा आणि तिला परत बोलवा. मॅडमनी अर्ज वाचला आणि बैठक बोलावली. मला वाटलं, निदान त्या नऊ जणी तरी सुटल्यासारख्या होतील. पण मोनिकाच सगळ्यात आधी बोलली. "अर्ज माघारी घे. आज एकीचा बाप आला म्हणून हिला काढायचं. उद्या दुसरीचा आला म्हणून आणखी कुणाला. कुणाकुणाला काढायचं?" मी म्हटलं, पण तुझीच भीती खरी ठरली की. त्यावर ती म्हणाली, "ठरली ना. आता भिऊन काय करू? जाऊन बोलू."

तर ठरलंय ते असं. येत्या रविवारी मॅडम, मोनिका आणि आणखी पाच जणी तुमच्याकडं येणार. सकाळच्या गाडीनं निघून, येरमाळ्याला गाडी बदलून, अकराच्या सुमारास पोचतील. मॅडम तुझे मागच्या दोन वर्षांचे निकाल घेऊन येतायत. मोनिका काय बोलणार ते सांगत नाही, पण आरशासमोर तयारी करताना मी तिला पकडलंय.

तुझ्या बाबांबद्दल इथं काही जणी वाईट बोलतात. मी बोलत नाही. माझे वडील तीन वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. मागच्या महिन्यात ते बाजाराला कळंबला आले होते, वसतिगृहावरून दोनदा गेले, असं गावच्या शंभूनं सांगितलं. आत आले नाहीत. तुझे बाबा निदान तुला न्यायला आले. मला न्यायला कुणी आलेलं नाही. म्हणून त्यांचा राग मला पुरता कळत नाही आणि पुरता परकाही वाटत नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते. त्या दिवशी तुझे बाबा आले तेव्हा तुम्ही सगळ्या वर होतात. खाली व्हरांड्यात मी एकटीच होते. ते उन्हातून आलेले, घामानं डबडबलेले. मी त्यांना खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं. ते घटाघटा प्याले आणि म्हणाले, "सुखी राहा, बाई. तू कुठली?" मी म्हटलं, सास्तूरची. नाव सांगितलं नाही. मग ते विचारायला लागले, "ती इथं राहते म्हणतात, ती कोण? तुला तिचा काही त्रास न्हाय ना?" आणि हर्षाली, मी मान खाली घालून "न्हाय" म्हणाले, रिकामा तांब्या उचलला आणि आत गेले. तू बॅग घेऊन खाली उतरलीस तेव्हा मी भांड्यांच्या खोलीत दार लावून उभी होते. तू जाताना मला शोधत होतीस, हे मला नंतर पोरींनी सांगितलं. तू सगळ्यांसमोर माझ्यासाठी उभी राहिलीस आणि मला एका माणसाला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. रविवारी मलाही त्यांच्यासोबत यायचंय. मॅडम म्हणतात, आधी तुला विचारायचं, कारण घर तुझं आहे आणि आम्ही परत निघाल्यावर तिथं राहायचंय तुला. माझ्यामुळं तुझं आणखी बिघडणार असेल, तर आईच्या फोनवरून मॅडमना नुसता एक मिस कॉल दे. मी फाटकापर्यंत जाऊन सगळ्यांना गाडीत बसवून देईन, आणि मनात काही ठेवणार नाही. मिस कॉल आला नाही, तर मी येते. तुझ्या बाबांसमोर बसून सांगते, की त्या दिवशी पाणी दिलं ती मीच दैवशाला. मग त्यांना काय बोलायचं ते बोलू देत.

तुझीच,
दैवशाला