पाल खोटं बोलत नाही, म्हणे

१८ जून १९७४, मंगळवार

पालीनं माझं लग्न ठरवलं!

हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं. वाक्यात खोट नाही. खोट आमच्या घरात आहे.

झालं ते असं. तातेरावमामा सकाळच्या एस.टी.नं भोकरदनहून आले, माझ्यासाठी स्थळ घेऊन. मुलगा तिथंच शेतकी खात्यात, स्वभावानं गरीब, मोटारसायकल बाळगून आहे. (स्वभावाचं मामांनी एकदा सांगितलं, मोटारसायकलचं चारदा.) अण्णा नुसते ‘हूं’ करत होते. अण्णांचा ‘हूं’ होकारही नसतो, नकारही नसतो. मी उंबऱ्याशी शेंगा फोडत बसले होते. वाटत होतं, आता अण्णा म्हणतील, पोरीला पुढं शिकायचंय. निकाल लागला तेव्हा पेढे वाटत गावभर हेच फिरले होते — ‘आमच्या घरातली पहिली बी.ए.!’

तेवढ्यात मामांनी मांडीवर थाप मारली. “दाजी, मी सांगून राह्यलो, पोरीचं लगीन होणार म्हंजे होणारच!”

आणि कणगीमागच्या भिंतीवरून — चुक चुक चुक.

आत्यानं लगेच जमिनीवर तीनदा बोटं वाजवली. “सत्य! सत्य! पाल बोलली!” मामांनी वाजवली. अण्णांनीही वाजवली!! मायचे हात पिठात होते, तिची सुटका झाली.

बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं, हा आमच्याकडचा कायदा. बैल घेताना तोच, दावा लावताना तोच. अण्णा उठले आणि म्हणाले, “आता काय बोलावं? बराबर हाय.”

बराबर! तर्कशास्त्रात मला पासष्ट गुण आहेत. पालीला किती?

१९ जून

पिंगळीकर सरांचा निबंध ट्रंकेतून काढला. सर आम्हाला जालन्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, यंदा औरंगाबादला विद्यापीठात गेले. जाताना म्हणाले, “एम.ए.ला ये. पंधरा जुलैच्या आत अर्ज कर.” आणि हा निबंध दिला. विषय तर्क, भाषा आणि विज्ञान. सरांचं सगळं काम या तीन शब्दांभोवती फिरतं. म्हणणं थोडक्यात असं — ज्या वाक्याला खोटं ठरायची सोयच नाही, ते वाक्य जगाबद्दल काहीच सांगत नाही. ‘सगळी ज्वारी पांढरी असते’ हे चांगलं वाक्य. का? कारण एक लाल कणीस आणलं की ते पडतं. पडण्याची तयारी असेल तरच उभं राहण्याला किंमत!

हे शिकवायला सरांनी वर्गात खरंच लाल कणीस आणलं होतं. तास संपल्यावर पेन टेबलावर राहिलं आणि सर कणीस खिशाला लावून घरी गेले.

म्हणजे मला काय करायचं? एक लाल कणीस शोधायचं. एकच खोटं वाक्य, ज्यावर पाल चुकचुकेल. मग कायदा पडला. कायदा पडला की लग्न पडलं!

२० जून

प्रयोग सुरू. दुपारी कणगीजवळ बसून पालीला ऐकू जाईल अशी खोटी वाक्यं बोलले —

अंबडला समुद्र आहे.
दुधना नदी डोंगर चढून अजिंठ्याला जाते.
तातेरावमामा कमी बोलतात.

पाल गप्प. भिंतीला चिकटून माझ्याकडं बघत होती, परीक्षक बघतात तशी.

आत्या आली. “काय करून राह्यली गं?”

“खोटं बोलतेय.”

“बी.ए. होऊन?”

२२ जून

पाल गप्प. ‘दोन आणि दोन पाच’ शंभरदा म्हटलं. घसा बसला. आत्यानं हळद-दूध दिलं आणि वर हसली.

प्रामाणिकपणे लिहायला हवं — आजवरचा पुरावा आत्याच्या बाजूनं आहे. मी खोटं बोलते, पाल गप्प राहते. आत्यानं विहिरीवर बायकांना सांगितलंसुद्धा, “आमच्या शिवकन्यानं पालीची परीक्षा घेतली. पाल फस्क्लास पास झाली.”

सर, ही विज्ञानाची कसली थट्टा आहे?

२३ जून

शेजारच्या द्वारकाबाई आल्या. म्हणाल्या, “तुमची पाल मोकळी हाय का?” त्यांच्या बरणीतलं लोणचं कमी होतंय आणि सुनेवर संशय आहे. कणगीपुढं बसून तासभर म्हणत होत्या, “लोणचं सुनेनंच खाल्लं. लोणचं सुनेनंच खाल्लं.” पाल काही बोलेना. शेवटी त्यांनाच उचकी लागली. पाणी पिऊन म्हणाल्या, “जाऊ द्या बाई, म्याच खाल्लं असंल.”

एक मात्र आहे. चुकचुकली नाही म्हणून द्वारकाबाईंनी वाक्य मागं घेतलं! हे तर सरांच्याच पद्धतीत बसतं. मला फार वाईट वाटलं.

२५ जून, मंगळवार

चुकचुकली!!!

संध्याकाळी सगळे घरात होते. अण्णा दोरी वळत होते, माय चुलीशी, आत्या तांदूळ निवडत. मी कंटाळून म्हटलं, “आपली म्हैस मॅट्रिक झाली.”

चुक चुक चुक!

मी उडीच मारली. “ऐकलं? ऐकलं ना सगळ्यांनी? आता बोला! म्हैस मॅट्रिक झाली का?”

अण्णांनी गोठ्याकडं बघितलं. खरंच बघितलं!

आत्या तांदूळ निवडतच राहिली. मग म्हणाली, “का न्हाई? ही म्हैस आपुन कुणाकडून आणली? हेडमास्तरकडून. धा वर्षं शाळेच्या भिताडाला बांधल्याली होती. पोरं पाठ करायची, ही ऐकायची.”

“आत्या, परीक्षा कुठं दिली तिनं?”

“तिला कुणी बसू दिलं का?”

अण्णा हसून हसून आडवे झाले. माय पदर तोंडाला लावून भाकरी थापत होती, भाकरी त्रिकोणी झाली. मी मात्र रडकुंडीला आले. लाल कणीस आणलं आणि आत्यानं त्याला चुना लावून पांढरं केलं!

२६ जून

सरांना सविस्तर पत्र टाकलं. म्हशीसकट.

३ जुलै

सरांचं कार्ड आलं. पोस्टमननं आधी वाचलंच होतं, देताना म्हणाला, “म्हशीचं बराबर हाय का मंग?”

सर लिहितात — ‘म्हशीची प्रगती वाचून आनंद झाला. तुझी चूक एवढीच, की तू पालीशी वाद घालते आहेस. वाद आत्याबाईंशी आहे. त्यांना विचार, काय घडलं तर पाल चुकली असं तुम्ही म्हणाल? उत्तर देता आलं नाही, तर ती साक्षच नव्हे. ता.क. अर्जाची मुदत विसरू नकोस. म्हैस पुढं शिकणार असेल तर तिचाही अर्ज आण, यंदा विभागात विद्यार्थी कमी आहेत.’

लगेच आत्याला गाठलं. “आत्या, पाल चुकली असं तू कधी म्हणशील?”

आत्यानं नीट विचार केला. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हणाली, “चुकली तर म्हणीन की.”

“पण चुकली हे तुला कळणार कसं?”

“पालच सांगंल. ती खोटं बोलत न्हाई.”

मी कार्ड घडी घालून ठेवलं.

५ जुलै

मामांचा निरोप आला — रविवारी सुपारी फोडायचं नक्की करायला येतो. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे रागावून नव्हे, समोर आले की गोठ्यात जातात. म्हशीला आज तीनदा धुतलं.

माय तर बोलतच नाही. आमच्याकडं बोलण्याचं काम आत्याकडं आणि आवरण्याचं मायकडं, अशी वाटणी आहे. आज माझी दोन्ही सुती पातळं धुऊन, घडी करून ट्रंकेवर ठेवली. कुठं जायला? विचारलं नाही. भोकरदनला मोटारसायकलवरून जायला असतील, तर मला ऐकायचं नाही.

हरले तर हरले. पण वाद घालून हरेन. गुपचूप नाही.

७ जुलै, रविवार

क्रमानं लिहिते.

मामा आले. पान खाऊन बसले. म्हणाले, “दाजी, जल्दी करा. पोरगं बदलून जाऊन राह्यलं वैजापूरला. पालीनं तर कवाच सांगितलं.” अण्णा म्हणाले, “हूं.” आत्या म्हणाली, “शुभस्य शीघ्रं.” माय चुलीपुढं पाठमोरी, चहा गाळत होती.

मी उभी राहिले. खूप मुद्दे तयार केले होते. सरांचे तीन, माझे दोन. एकही आठवेना. तोंडातून एवढंच निघालं —

“मी औरंगाबादला जाणार. एम.ए. करणार.”

आणि मग —

चुक. चुक. चुक.

इतकी ठसठशीत, सावकाश चुकचुक मी जन्मात ऐकली नव्हती. जणू पाल आम्हाला श्रुतलेखन घालत होती. आवाज कणगीकडून नाही, चुलीकडून आल्यासारखा वाटला. पण पालीला घरात कुठं बंदी आहे!

टक टक टक. आत्याची बोटं! तिच्या मनाआधी तिची बोटं वाजली. “सत्य! सत्य!” म्हणाली आणि मग आपण काय म्हणालो ते कळून तोंडावर हात ठेवला.

मामा खवळले. “आँ? पाल तर म्हणली लगीन होणार!”

आणि तेव्हा — सर, तेव्हा मला सगळं आठवलं! मी म्हटलं, “मामा, तुमचं वाक्य काय होतं? ‘पोरीचं लगीन होणार.’ कधी, ते तुम्ही बोलला नाही. कुणाशी, तेही बोलला नाही. मी शिकणार हेही खरं असू शकतं आणि कधीतरी माझं लग्न होणार हेही. दोन्हीत विरोधच नाही.”

“म्या भोकरदनचंच म्हणत होतो की!”

“मनात. तोंडानं नाही. पालीनं ऐकलं तेवढंच खरं केलं.”

मामा आत्याकडं वळले. “गिरिजाबाई, तुम्ही तरी सांगा हिला!”

आत्यापुढं मोठं संकट. मामांचं ऐकावं, तर पाल एकदा तरी खोटं बोलली असं ठरतं. आत्या ताठ बसली आणि म्हणाली, “पोरगी बराबर बोलून राह्यली. पाल खोटं बोलत न्हाई, तातेराव. तुम्हीच अर्धवट बोलले.”

“मी अर्धवट?”

“तर काय पाल अर्धवट?”

अण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “मंग शिकू द्या. पालीपुढं आपुन कोण?” आणि जल्दी जल्दी गोठ्यात गेले.

मामा दुपारच्या गाडीनं गेले. जाताना कणगीकडं असं बघितलं, जणू त्या पालीनं त्यांचं शेत बळकावलं असावं.

८ जुलै

काल आनंद. आज लाज.

मी जिंकले कशावर? पालीवर! पंधरा दिवस जिला खोटं पाडायला बसले, तिच्याच साक्षीनं तर्कशास्त्र शिकायला चालले. सरांना कोणत्या तोंडानं सांगू? आपल्या बाजूनं बोलली म्हणून पाल मानायची आणि विरुद्ध बोलली की नाही, हा तर सरळसरळ बेइमानपणा.

अण्णांना खरं सांगायला हवं. त्यांनी विचार बदलला तर? बदलला तर बदलला. (हे आधी खोडलं. पण लिहिलं.)

१० जुलै

गोठ्यात गाठलं. “अण्णा, पालीच्या आवाजाला काही अर्थ नसतो. ती किड्यासाठी नाहीतर दुसऱ्या पालीसाठी ओरडते. तिच्या सांगण्यावरून मला पाठवू नका.”

अण्णा खरारा करता करता थांबले. “म्हंजे पाल खोटी?”

“खोटी नाही, खरीही नाही. तिचा आपल्या बोलण्याशी संबंधच नाही.”

“मंग तुझं लगीन होणार म्हणली, ते बी न्हाई?”

“नाही.”

“मंग भोकरदनवाल्याला घाई कशाला?”

“घाई... नाहीच.”

“म्हंजे पाल खरी असली तरी तू चालली. खोटी असली तरी चालली.” आणि खरारा पुन्हा सुरू. “मंग माझा टाइम कशाला खाऊन राह्यली? जा, अर्ज लिही.”

मी गोठ्यात उभीच! या युक्तिवादात दोष शोधायला बसले आहे. सापडत नाही. म्हशीनं मान हलवली, पण तिचं मत मी धरत नाही.

१३ जुलै, शनिवार

एस.टी.त लिहिते आहे, अक्षर उड्या मारतंय. आत्या सोडायला आली नाही, घरीच रडत बसली. अण्णा टपावर ट्रंक चढवत होते. माय खिडकीखाली उभी, गप्प. काय बोलावं कळेना म्हणून मी म्हटलं, “माय, दोन वर्षं बघता बघता जातील.” गाडी हलली. मायनं इकडं तिकडं बघितलं, टाचा उंचावून खिडकीला तोंड लावलं आणि जीभ टाळूला लावून अगदी सावकाश म्हणाली — चुक. चुक. चुक.