इद्दतीचा अर्थ

अम्मी, तुझ्या दुभाषी लेकीचा सलाम.

मी ठीक आहे, कोर्टात उभं राहून पाय तेवढे बोलतात. धाकटी तुला वेळेवर जेवायला घालते ना?

आज शिवणकाम करणारी एक बाई आली होती. चार महिने गैरहजर म्हणून तिला कामावरून काढलं होतं. ती म्हणाली, “मी इद्दतीत होते.” न्यायाधीशांनी मला अर्थ विचारला. “नवरा गेल्यावर बायको चार महिने दहा दिवस घरीच शोक पाळते,” एवढं सांगताना मी दोनदा अडखळले.

तिला काम परत मिळालं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तुझं कोण गेलं?”

“अब्बा. मला जाता आलं नाही.”

“मग अजून इथे काय करतेस?”

मी लगेच रजा मागितली, अम्मी. तुझ्या इद्दतीचे एकोणीस दिवस उरलेत, ते दोघी मिळून काढू.

दमलेली, तुझीच थोरली